घरचा आहेर

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. यंदा आमच्या घरीही कार्य आहे. नातीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे, त्यामुळे या दिवाळीत घरात फराळाच्या डब्यांपेक्षा याद्यांचीच गर्दी जास्त. पाहुण्यांची यादी, साड्यांची यादी, हॉलवाल्याने दिलेली यादी, आणि या सगळ्या याद्या कोणाकडे आहेत त्याची एक यादी. मला यातले कोणतेच काम दिलेले नाही. "आजी, तू फक्त बसून राहा," असे मला दिवसातून चार वेळा सांगण्यात येते. बसलेल्या माणसाला विचार करायला सवड मिळते, हे सांगणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. त्या सवडीचा हा लेख. तो गोड नाही. पण फराळाच्या ताटात तिखट शेवेलाही जागा असते, एवढ्या भरवशावर लिहिते.

निमित्त झाले पत्रिकेच्या मसुद्याचे. मुलाने तो मला वाचायला दिला. खाली छापले होते, 'सायंकाळी सात ते दहा स्वागतसमारंभ व स्वरुचिभोजन.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. दोन्ही शब्द शुद्ध, भारदस्त, कानाला बरे वाटणारे. आणि दोन्ही शब्द धडधडीत खोटे!

स्वागतसमारंभात स्वागत कोण कोणाचे करतो, ते वाचकहो, तुम्हीच आठवून पाहा. यजमान उंच मंचावर मखमली कोचापुढे उभा. पाहुणा कोथरूडहून नाहीतर कल्याणहून दोन वाहने बदलून आलेला. तो खाली रांगेत उभा राहतो. अर्ध्या तासाने त्याचा नंबर लागतो. तो पायऱ्या चढतो, पाकीट देतो, छायाचित्रकार सांगेल तिकडे पाहून हसतो आणि दुसऱ्या बाजूने उतरतो. उतरता उतरता पाठीमागून एक वाक्य कानावर येते, "जेवून जा हं!" झाले स्वागत. देवळातसुद्धा पुजारी हातावर तीर्थ घालतो. येथे तेवढेही नाही.

आणि स्वरुचिभोजन म्हणजे काय? तुम्हाला काय आवडते ते कोणीही विचारणार नाही, तुमचे तुम्ही उचला आणि उभ्याने संपवा, याचे हे संस्कृत भाषांतर.

आता लगेच म्हणाल, म्हातारीला जुने ते सगळे सोने वाटते. तसे नाही. मला जुने काय होते ते चांगले ठाऊक आहे, आणि त्यातले सोने किती आणि पितळ किती हेही ठाऊक आहे. तेच सांगण्यासाठी लेखणी उचलली आहे.

आमचा होणारा नातजावई मूळचा केरळातला, पण वाढला पुण्यात. मराठी बोलतो झकास, पण लग्नातले मराठी त्याला परके. त्याने स्वतः होऊन एक वही केली. गेला महिनाभर रात्रीच्या जेवणानंतर तो आणि नात माझ्यापुढे बसतात. मी एक शब्द द्यायचा, त्याची गोष्ट सांगायची आणि त्याने तो वहीत उतरवायचा. नातीलाही त्यातले निम्मे शब्द नवेच आहेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. दोन्ही आता तिच्या हातातल्या फोनवर उघडतात. शब्द तिला तेथे सापडतो. पण कोशात सापडलेला शब्द तोंडात रुळायचा तर त्याच्याबरोबर माणूस लागतो, म्हणून ती माझ्याकडे येते.

पहिला शब्द केळवण. हा अजून जिवंत आहे, किंबहुना पुन्हा बहरला आहे. दुसरा सीमांतपूजन. वऱ्हाड गावाच्या शिवेपाशी, म्हणजे सीमान्ती, आले की वधूपक्षाने तेथवर सामोरे जाऊन वराची पूजा करायची. वाट चालून आलेल्या माणसाला घरात बसून बोलवायचे नाही, उठून आणायला जायचे, हा त्यातला भाव. नात म्हणाली, "पण आमच्या पत्रिकेत श्रीमंतपूजन आहे!" आहेच. पुष्कळांच्या तोंडी तो शब्द आता तसाच झाला आहे. सीमा गेली, श्रीमंत राहिला. एका शब्दाच्या अपभ्रंशात आमच्या लग्नांचा सारा इतिहास आला, असे मी म्हटले तर नातीच्या वडिलांना राग येतो, कारण बिले तो भरतो आहे.

तिसऱ्या दिवशी मी शब्द दिला पानसुपारी. जावईबापू म्हणाले, "हा येतो मला." मी म्हटले, "येत नाही." माझ्या लहानपणी पत्रिकेत छापलेले असे, 'सायंकाळी पानसुपारीस येण्याची कृपा करावी.' रिसेप्शनला मराठीत शब्द नव्हता असे नाही. तो हा होता, आणि त्याच्यामागे एक रीत होती. सतरंज्यांवर स्वच्छ चादरी अंथरलेल्या. पाहुणा यायचा तो आपल्या जागी बसायचा. मग घरचा माणूस तबक घेऊन त्याच्यापाशी जायचा. मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबदाणीतले चार थेंब, हातात विडा, पुढे एखादा पेढा. आणि दोन शब्द बोलण्यासाठी तो पाहुण्यापुढे वाकायचा. बसलेल्या माणसाला विडा द्यायचा तर वाकावेच लागते.

सारा फरक या वाकण्यात आहे. पानसुपारीत पाहुणा बसे आणि यजमान फिरे. स्वागतसमारंभात यजमान उभा असतो आणि पाहुणा रांगेतून सरकतो. खर्च कमी की जास्त, पोशाख देशी की विलायती, हे प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहेत. संगीत आणि मेंदी उत्तरेकडून आली, हळदीला सगळ्यांनी पिवळे नेसण्याची हौस आली, म्हणून मी गळा काढणार नाही. जिलबी तरी कोठे सह्याद्रीत उगवली होती? माणसे आनंद जेथून मिळेल तेथून उचलतात. माझा आक्षेप एकच आहे. लग्नघराने पाहुण्याकडे उठून जाणे सोडले, आणि त्या सोडण्याला स्वागत असे नाव दिले.

हेच जेवणाचे. पूर्वी आचारी विचारी, "पाने किती?" आता विचारतात, "प्लेट किती?" जावयाने दोन्ही शब्द वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि फरक विचारला. मी म्हटले, पान माणसापुढे मांडतात, प्लेट माणूस उचलतो. पान मांडायचे म्हणजे कोणीतरी आधी येऊन जागा झाडलेली असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद आणि वरणावर तूप. मग रांगेतून यजमान फिरणार. जिलबी नको म्हणणाऱ्याच्या पानात एक जास्तच पडणार. त्या आग्रहाचा अतिरेक होई, अन्न वाया जाई, हे खरे आहे आणि ते वाईटच होते. पण आग्रहाचा अतिरेक काढायचा सोडून आम्ही आग्रह करणारा माणूसच काढून टाकला!

येथवर मी बोलले ते ऐकून माझ्या वयाच्या वाचकांनी माना डोलावल्या असतील. आता त्यांनी जरा सावरून बसावे.

त्याच आठवड्यात मी शब्द दिला पंक्तिप्रपंच. एकाच रांगेत बसलेल्यांना वेगवेगळे वाढणे. व्याह्याच्या पानात तुपाची धार आणि गरीब नातलगाच्या पानात थेंब, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणत आणि तो करणे पाप मानत. जावई खूश झाला. म्हणाला, "आमच्याकडेही रांगेला पंतीच म्हणतात. शब्द एकच!" आणि मग त्याने साळसूदपणे विचारले, "आजी, पण त्या रांगेत बसत कोण होते?"

हा प्रश्न मला कोणी मराठी मुलाने विचारला असता तर मी कदाचित उडवून लावला असता. जी भाषा तुपाच्या धारेवरून पाप ठरवत होती, तिच्यातच पंक्तिबाह्य हाही शब्द होता. तूप समान वाढायचे, पण कोणाला? जे आधीच निवडून बसवले होते त्यांना! बाकीचे उष्टी पाने उचलायला मांडवाबाहेर उभे. पंगतीचे गोडवे गाताना हे सांगितले नाही तर तो गोडवा अर्धा खोटा.

मात्र सुधारकांनी या पंगतीचे काय केले ते पाहा. सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली केरळात चेराई येथे वेगवेगळ्या जातींच्या लोकांना एका पंक्तीला बसवले. आपल्याकडे समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले आणि सहभोजने केली. या लोकांनी पंगत मोडली नाही, लांब केली. एक पान शेजारी आणखी मांडले, आणि तेवढ्याने समाज हादरला. महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापला, आणि त्याच वर्षी भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लावून दिला. त्या कामी सावित्रीबाई पुढे होत्या. फुल्यांनीही मंगलाष्टके फेकून दिली नाहीत. ती मराठीत नव्याने रचली. रीत वाईट असेल तर तिच्यातली माणसे बदला, शब्द बदला, जागा बदला. आम्ही सोपा मार्ग काढला. समतेचा प्रश्न सुटण्याआधीच सगळ्यांना उभे केले.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझा हात अडखळतो.

परवा सूनबाई हळदीची यादी करत होत्या. यादीवर लिहिले होते 'पाच सवाष्णी', आणि पुढे पाच नावे. जावयाने शब्द उचलला. "आजी, सवाष्ण म्हणजे?" मी सांगितले, जिचा नवरा हयात आहे ती. त्याने लिहून घेतले आणि विचारले, "मग जिचा नाही, तिला काय म्हणतात?" मला त्याचे शब्द येतात. एकूण एक येतात. मी ते सांगितले. त्याने पेन उचलले आणि वही तशीच मिटली.

हे सगळे शब्द मला शिकवले माझ्या आत्याने. आत्या विसाव्या वर्षी माहेरी परत आली ती कायमची. वाईच्या आमच्या वाड्यात कोणाचेही लग्न निघाले की पहिली हाक तिला. मुहूर्तमेढ कधी रोवायची, देवकाला काय लागते, वऱ्हाडाला जानवसा कोठे द्यायचा, कानपिळीला भावाच्या हाती काय पडले पाहिजे, सूनमुख पाहताना आरसा कोणी धरायचा, सगळे तिच्या जिभेवर. भटजी अडले तर माजघराकडे पाहत.

१९६८ च्या वैशाखात माझे लग्न झाले. रुखवतासाठी आत्या दोन महिने राबली. साखरेचे तुळशीवृंदावन तिने केले होते, त्याची वऱ्हाडात वाखाणणी झाली. मी सर्वांसमक्ष घेतला तो उखाणाही तिनेच रचलेला. ज्या बाईला नाव घेण्याचा प्रसंग आयुष्यात पुन्हा यायचा नव्हता, तिने माझ्यासाठी नाव घेण्याची ओळ जुळवली, आणि "अडखळू नकोस, सावकाश म्हण," असे बजावले.

हळदीच्या वेळी मात्र ती माजघराच्या दाराआड होती. दार अर्धवट लोटलेले. फटीतून तिची बोटे मला दिसत होती. पाच सवाष्णी पुढे आल्या, माझ्या गालांना हळद लागली, सगळ्याजणी हसत होत्या. "आत्या, तू ये" एवढे तीन शब्द म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी शिकलेली मुलगी होते. मॅट्रिक झाले होते. मी म्हटले नाही. त्याच दिवशी माझ्या आईने विहिणीचे पाय धुतले. तेव्हाही मी पाहत राहिले. हुंडाबंदीचा कायदा होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती, तरी देण्याघेण्याची एक यादी वडिलांच्या कोटाच्या खिशात होती हे मला माहीत होते. तीन गोष्टी पाहिल्या आणि तिन्ही वेळा गप्प बसले. जुन्या काळच्या गोडव्यात हेही मोजा.

ज्यांनी रीत सांभाळली, त्यांनाच त्या रीतीने दाराआड उभे केले. आपल्या लग्नातले शब्द का विझले, याचे उत्तर लोक इंग्रजी शाळांत आणि चित्रपटांत शोधतात. एक उत्तर आमच्या माजघरात होते. आत्याकडून ते शब्द आपुलकीने मागून घ्यायला कोणी बसलेच नाही. काम होते तेव्हा विचारले, काम झाले की दार लोटले.

आणि आता पाळी माझी आहे. आमच्या ह्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. सूनबाईंच्या यादीत माझे नाव नाही. त्यांच्या मनात काही नाही, त्या जीव लावणाऱ्या आहेत. यादीचा रिवाजच तसा आहे. "आजी, तू फक्त बसून राहा," यातल्या 'फक्त'चा अर्थ त्या रात्री मला नीट कळला.

कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे, तिला धार्मिक आणि सामाजिक कार्यांतून बाजूला ठेवणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हे उदाहरण घेण्यास सांगितले. एका गावाने जे ठरावात लिहिले, ते आम्हा शहरातल्या सुशिक्षितांना हळदीच्या यादीत लिहिता येत नाही! हॉलला दिवे हवेत, फुलांची कमान हवी, वधूवर धुरातून चालत यायला हवेत, ही सगळी आधुनिकता. आणि हळदीला मात्र पाचच जणी, त्याही निवडून. नवे घेतले ते नेमके दिखाऊ आणि जुने ठेवले ते नेमके टोचणारे, ही निवड आम्ही केली तरी कोणत्या बुद्धीने?

म्हणून माझी कसोटी साधी आहे. ज्या रीतीत यजमान वाकत होता, ती राहू द्या. ज्या रीतीत कोणाला दाराआड उभे राहावे लागत होते, ती जाऊ द्या. सीमांतपूजनातले सामोरे जाणे ठेवा, विहिणीचे पाय धुणे सोडा. पंगत ठेवा, पंक्तिप्रपंच सोडा. हळद ठेवा, सवाष्णींची मोजदाद सोडा. पण सोडलेल्या रीतीचा शब्द मात्र विसरू नका. तो मुलांना शिकवा, त्याच्या सगळ्या अर्थासकट शिकवा. शब्द विसरला की अपराधही विसरतो, आणि विसरलेला अपराध पुढच्या पिढीला हौस म्हणून परत करावासा वाटतो.

व्यवहाराचे काय, असे मुलाने विचारले. चारशे माणसांना बसवून वाढायला माणसे कोठून आणणार? मी म्हटले, चारशे माणसे ओळखीची आहेत का, तेवढे आधी पाहा. ओळखीची नसतील तर बोलावता कशाला, आणि असतील तर त्यातले वीस पुरुष कमरेला उपरणे बांधून वाढायला उभे राहणार नाहीत काय? पुरुष मुद्दाम म्हटले. पूर्वीच्या लग्नांची हौस बायकांच्या कमरेवर उभी होती. पंगत परत आणायची ती पुन्हा सुनांनाच राबवण्यासाठी, असा बेत कोणी करत असेल तर त्याला माझा पाठिंबा नाही. त्याने खुशाल उभ्याने जेवावे.

बराच वाद झाला. पत्रिका अखेर बदलली. 'स्वरुचिभोजन' गेले, 'पंगत' आली. शंभर शंभर पानांच्या पंगती, आणि पहिल्या पंगतीला मुलगा, जावई आणि त्याचे मित्र वाढणार. मंच राहणार आहे. तो हॉलच्या भाड्यातच धरलेला असल्यामुळे सोडवत नाही, असे मला सांगण्यात आले. पण वधूवर त्यावर अर्धा तासच थांबतील आणि मग तबक घेऊन खाली फिरतील. वाढण्याची तालीम सध्या आमच्या जेवणघरात चालू आहे. काल जावयाने माझ्या पानात मीठ उजवीकडे वाढले. मी ते उचलून डावीकडे ठेवले.

हळदीची यादी फ्रीजच्या दारावर लावलेली आहे. तिच्यातला 'सवाष्णी' हा शब्द कोणीतरी खोडला आहे, आणि पाच नावांच्या वर सहावे नाव लिहिले आहे. अक्षर नातीचे, नाव माझे. मी अजून हो म्हटलेले नाही. सत्तावन्न वर्षे दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईचा स्वतःची वेळ आली की हात धजत नाही, हेही या लेखात कबूल केले पाहिजे. लोक काय म्हणतील, हा विचार मला अजून येतो. दाराच्या फटीतली ती बोटेही येतात. बहुधा बोटांचेच ऐकेन.

तर वाचकहो, यंदा आपल्याही घरी कार्य निघेल. याद्या कराल तेव्हा त्या एकदा मोठ्याने वाचा आणि कोणाचे नाव राहिले ते पाहा. आमच्या पत्रिकेवर रिवाजाप्रमाणे 'आहेर आणू नये' असे छापले आहे. आपण मात्र माझा हा घरचा आहेर तेवढा राग न मानता स्वीकारावा.